लिव्हर किती काम करतं, हे फोटोत दिसतं का?

प्रश्न आर्णी तालुक्यातल्या एका गावातून आला आहे. मुलगा लिहितो: "बाबा ५२ वर्षांचे, कपाशी-तुरीची शेती. पोट जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली, त्यात 'फॅटी लिव्हर ग्रेड २' आलं. एसजीओटी ४८, एसजीपीटी ६०, बिलिरुबिन १.१, अल्ब्युमिन ३.९, प्लेटलेट १ लाख ९० हजार. एक डॉक्टर फायब्रोस्कॅन करा म्हणतात, दुसरीकडे इंजेक्शन देऊन करायचा एमआरआय सांगितला. लिव्हर किती टक्के काम करतंय हे सुई न टोचता कळतं का? धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे, सिकलसेल एसएस. त्याला अधूनमधून रक्त चढवावं लागतं. त्याचंही लिव्हर तपासावं का?"

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि यवतमाळ जिल्ह्यात बरीच वर्षं सोनोग्राफी-डॉप्लर करते आहे. टेबलवरून उठता उठता जवळजवळ प्रत्येक पेशंट विचारतो, "मॅडम, किती टक्के खराब झालं हो लिव्हर?" म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तर. बाबांचं लिव्हर किती टक्के काम करतंय हे सांगणारा फोटो काढायची आज गरज नाही. त्यांचं लिव्हर काम करतंय, हे तुमच्या हातातल्या रिपोर्टवरून बऱ्यापैकी कळतं. खरा प्रश्न असा की चरबीच्या आड लिव्हर निबर व्हायला लागलंय का, म्हणजे आत वण धरतोय का, ज्याला डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात. हे सुईशिवाय कळू शकतं आणि त्याची पहिली पायरी तुम्ही पाठवलेल्या आकड्यांतच आहे.

लिव्हरचा आकार आणि लिव्हरचं काम या वेगळ्या गोष्टी आहेत. सातबारा पाहून शेत किती आणि पेरा कशाचा हे कळतं, पण यंदा क्विंटल किती निघाले ते कळत नाही. सोनोग्राफी, साधा सीटी स्कॅन आणि साधा एमआरआय हे सगळे सातबाऱ्याच्या जातीचे. लिव्हर केवढं आहे, त्यात चरबी किती, गाठ आहे का, नसा मोकळ्या आहेत का, हे ते दाखवतात. रक्तातून बिलिरुबिन उचलणं, अल्ब्युमिन तयार करणं, रक्त गोठवणारे घटक बनवणं ही कामं त्यांत दिसत नाहीत. शिवाय लिव्हरजवळ राखीव ताकद फार मोठी असते. जिवंत दात्याच्या लिव्हरचा उजवा भाग, म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास, काढून दुसऱ्याला बसवतात आणि उरलेला भाग काही आठवड्यांत बराचसा वाढून येतो. असा अवयव "तीस टक्के खराब" आहे म्हटल्याने काहीच ठरत नाही. उरलेला भाग निरोगी आहे की निबर, यावर सगळं अवलंबून असतं.

लॅबच्या कागदावर सगळ्याला मिळून लिव्हर फंक्शन टेस्ट म्हणतात, पण एसजीओटी आणि एसजीपीटी काम मोजत नाहीत. लिव्हरच्या पेशींना इजा झाली की हे पदार्थ रक्तात सांडतात. कावीळ झालेल्या धडधाकट पोराचा एसजीपीटी हजाराच्या वर जातो आणि महिन्याभरात तो ठणठणीत होतो. उलट सिरॉसिस, म्हणजे वणांनी लिव्हर पुरतं निबर होणं, पिकलेल्या माणसाचा एसजीपीटी ३५ असू शकतो, कारण सांडायला पेशीच फारशा उरलेल्या नसतात. काम सांगणारे आकडे तीन आहेत: अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे आयएनआर. अल्ब्युमिनचं अर्धायुष्य सुमारे २० दिवसांचं, त्यामुळे ते सावकाश उतरतं. आयएनआर मात्र एक-दोन दिवसांतच बिघाड दाखवतं. या तिघांत पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम धरून चाइल्ड-प्यू नावाचा गुणांक काढतात. त्याचं आजचं रूप १९७३ पासूनचं आहे आणि इतक्या मशिनी आल्या तरी सिरॉसिसच्या पेशंटसाठी तो अजून रोज वापरला जातो. बाबांचं अल्ब्युमिन ३.९ आणि बिलिरुबिन १.१ आहे, दोन्ही ठीक. आयएनआर केलेलं दिसत नाही. ते तालुक्याच्या लॅबमध्येही होतं, करून घ्या.

आता सोनोग्राफी. ती माझी रोजची भाकरी आहे, म्हणून तिच्या मर्यादा मी मोकळेपणाने सांगते. चरबीमुळे लिव्हर पडद्यावर पांढरट दिसतं, आणि ते किती पांढरं हे शेजारच्या उजव्या किडनीशी ताडून ग्रेड १, २, ३ ठरवतात. हा डोळ्यांचा अंदाज असतो. मशीनचं सेटिंग बदललं, पेशंट जाड असला किंवा किडनीच आजारी असली तर ग्रेड बदलतो. चरबी वीस-तीस टक्क्यांच्या पुढे गेल्याशिवाय ती भरवशाने दिसतही नाही. म्हणून मागच्या वर्षी ग्रेड १ होता आणि यंदा दुसऱ्या सेंटरवर ग्रेड २ आला, तर आजार वाढलाच असं धरू नका. मुख्य म्हणजे ग्रेडवरून वण कळत नाही. ग्रेड ३ असूनही लिव्हर मऊ असू शकतं. उलट सिरॉसिसपर्यंत पोचल्यावर चरबीच कमी होते आणि रिपोर्टात फॅटी लिव्हर हा शब्दही नसतो.

तरी सोनोग्राफी नीट केली तर पुष्कळ सांगते. मी नेहमीच्या प्रोबने लिव्हर पाहून झालं की थायरॉइडसाठी वापरतात तो वरवरचं बारीक दाखवणारा प्रोब लावते आणि लिव्हरची कड बघते. निरोगी लिव्हरची कड सरळ रेघेसारखी असते, सिरॉसिसमध्ये ती लहरी-लहरी होते. आतला पोत खडबडीत वाटतो की नाही यावर दोन रेडिओलॉजिस्टांचं एकमत होणं कठीण, पण लहरी कडेवर होतं. सोबत प्लीहेची लांबी, आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या मोठ्या नसेचा, म्हणजे पोर्टल व्हेनचा व्यास (१३ मिलिमीटरच्या वर गेला की शंका), डॉप्लरवर त्या नसेतलं रक्त लिव्हरकडे जातंय की उलटं फिरलंय, पोटात थोडं तरी पाणी आहे का, हे पाहायचं असतं. यांपैकी एकही बाब रिपोर्टात नसेल, नुसतं "फॅटी लिव्हर ग्रेड २" लिहिलं असेल, तर ती सोनोग्राफी अर्धवट आहे. पैसे तुम्ही मोजलेत, तेव्हा प्लीहा आणि पोर्टल व्हेन किती हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पुढची पायरी फुकटातली. फिब-४ नावाचं एक गणित २००६ मध्ये मांडलं गेलं. वयाला एसजीओटीने गुणायचं, ५२ गुणिले ४८ म्हणजे २,४९६. मग प्लेटलेट हजारांत घेऊन एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं: ६० चं वर्गमूळ सुमारे ७.७५, १९० ने गुणलं की १,४७२. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की येतं १.७. हे उत्तर १.३ च्या खाली असेल तर मोठा वण असण्याची शक्यता फार कमी, २.६७ च्या वर असेल तर पुष्कळ. बाबा मधल्या पट्टीत आहेत. म्हणजे घाबरायचं कारण नाही, पण सोडूनही द्यायचं नाही. फायब्रोस्कॅन सांगणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे.

या गणितालाही पथ्यं आहेत. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा २ धरतात. पस्तिशीच्या आत ते भरवशाचं नाही. आणि आपल्याकडे पावसाळ्यात-दिवाळीच्या सुमारास डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल तर त्या दिवसांतले आकडे घालूच नका. डेंग्यूत प्लेटलेट पडतात आणि एसजीओटी चढतो, त्यामुळे फिब-४ उगाच आभाळाला भिडतं. ताप उतरून महिना-दीड महिना गेला की तपासण्या पुन्हा करा आणि मग गणित मांडा.

फायब्रोस्कॅन हे फ्रान्सच्या एकोसेन्स कंपनीचं मशीन, २००३ मध्ये बाजारात आलं. दिसायला सोनोग्राफीसारखं, पण त्यात लिव्हरचा फोटो निघत नाही. पेशंट पाठीवर झोपतो, उजवा हात डोक्यामागे घेतो, दोन बरगड्यांच्या फटीत प्रोब ठेवतात. प्रोब एक हलका टोला देतो, ५० हर्ट्झचा. त्यातून निघालेली लहर लिव्हरमधून किती वेगाने गेली हे अल्ट्रासाउंडने मोजलं जातं. लिव्हर जितकं निबर, तितकी लहर जलद. त्या वेगावरून कडकपणा किलोपास्कलमध्ये काढतात. निरोगी माणसाचा आकडा साधारण ५ च्या आसपास असतो आणि मशीन ७५ पर्यंत मोजतं. पेन्सिलीच्या टोकाएवढा भाग तपासणाऱ्या सुईच्या बायोप्सीपेक्षा इथे सुमारे शंभर पट मोठा भाग मोजला जातो. दुखत नाही, पाच-दहा मिनिटांत होतं. त्याच वेळी चरबीचाही आकडा मिळतो, त्याला कॅप म्हणतात आणि तो १०० ते ४०० डेसिबल प्रतिमीटर या पट्टीत येतो.

यातला एकही आकडा टक्केवारी नाही. १२ किलोपास्कल आले म्हणजे १२ टक्के खराब, असं समजून निर्धास्त झालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि कॅप २९० आला म्हणून रडणारीही. फॅटी लिव्हरमध्ये ८ च्या खाली आकडा आला तर मोठा वण नाही असं धरायला हरकत नाही, मग तपासणी दोन-तीन वर्षांनी पुन्हा, साखर असेल तर वर्ष-दोन वर्षांत. ८ ते १२ मध्ये आला तर लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवायचं. १२ च्या वर गेला तर ते टाळायचं नाही. आणि २५ च्या वर पोचला तर पोर्टल व्हेनमधला दाब बराच चढलेला आहे असं मानून पुढचे उपाय ठरवतात.

याच आकड्याचा आणखी एक उपयोग आपल्याकडच्या पेशंटसाठी मला फार मोलाचा वाटतो. सिरॉसिसच्या वाटेवर असलेल्या पेशंटची अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसा पाहण्यासाठी एंडोस्कोपी करावी लागते. पण कडकपणा २० च्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर ती सध्या नाही केली तरी चालते, असं बाव्हेनो या लिव्हरतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. गावातून एसटीने नागपूर गाठायचं, सोबत एक माणूस, दोघांची मजुरी बुडालेली, हे सगळं वाचतं.

मात्र फायब्रोस्कॅन जसा पाहिजे तसा झाला तरच आकड्याला अर्थ. तपासणीआधी किमान तीन तास पोट रिकामं हवं, कारण जेवल्यावर लिव्हरकडे रक्त जास्त येतं आणि आकडा वाढतो. तालुक्याच्या गावी मोफत फायब्रोस्कॅनची शिबिरं होतात, तिथे आलेल्यांना आधी चहा-पोहे देतात आणि मग रांगेत बसवतात. आयोजकांचा हेतू चांगला असतो, पण अशा शिबिरातला ९ चा आकडा घेऊन घाबरलेली माणसं माझ्याकडे येतात आणि उपाशीपोटी पुन्हा केल्यावर तोच आकडा उतरलेला दिसतो. रिपोर्टवर दोन गोष्टी बघा. किमान १० मोजमापं झालीत का, आणि आकड्याशेजारी आयक्यूआर म्हणून टक्केवारी असते ती ३० किंवा त्याखाली आहे का. त्यावर असेल तर मोजमापं आपसात जुळत नाहीत, आणि ८ च्या पुढच्या आकड्यावर तर मग विसंबू नये. माणूस जाड असेल तर मोठा, एक्सएल प्रोब लागतो. पोटात पाणी असेल तर फायब्रोस्कॅन होतच नाही, आणि खरं तर तेव्हा त्याची गरजही उरलेली नसते.

वण नसतानाही आकडा चढवणाऱ्या गोष्टी आहेत: ताजी कावीळ, पित्तनळीत अडकलेला खडा, हृदय कमजोर असल्याने लिव्हरमध्ये साचलेलं रक्त, आणि चालू असलेली दारू. दारूबद्दल स्पष्ट बोलायला हवं. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, म्हणून तिकडचे पेशंट डॉक्टरांसमोर कबूल करायला जास्तच कचरतात. यवतमाळात बंदी नाही, पण मोहाची घेतली की "ती कुठं दारू, ती तर घरची" असं म्हणून ती मोजत नाहीत. लिव्हरला बाटलीवरचं लेबल कळत नाही. दारू पूर्ण थांबवून काही आठवड्यांनी केलेला फायब्रोस्कॅन हाच खरा. बाबा घेत असतील तर डॉक्टरांना सांगा. तपासणी करणाऱ्याला हे माहीत नसेल तर एखाद्याला सिरॉसिस नसताना सिरॉसिस लिहिला जाऊ शकतो.

बऱ्याच चांगल्या सोनोग्राफी मशिनींमध्येही हल्ली कडकपणा मोजायची सोय असते, शिअर वेव्ह इलास्टोग्राफी नावाने. तीत फोटो बघत बघत नेमकी जागा निवडता येते, हा फायदा. तोटा असा की प्रत्येक कंपनीचे आकडे थोडे वेगळे येतात. म्हणून पुढच्या वेळी तुलना करायची तर त्याच प्रकारच्या मशीनवर करा आणि रिपोर्टवर मशीनचं नाव लिहून घ्या.

आता इंजेक्शनवाला एमआरआय. एमआरआयमध्ये आपल्या कामाच्या तीन वेगळ्या गोष्टी होतात आणि लोकांना त्या एकच वाटतात. पहिली, चरबी मोजणं. एमआरआय चरबीचं खरंखुरं प्रमाण टक्क्यांत सांगतो, आणि साधारण पाच टक्क्यांच्या वर गेलं की फॅटी लिव्हर. सगळ्या तपासण्यांत टक्के जर खरे कुठे असतील तर ते इथे, पण तेही चरबीचे, कामाचे नाहीत. दुसरी, एमआर इलास्टोग्राफी. बरगड्यांवर थरथरणारी चकती बांधून लहरी लिव्हरमधून सोडतात आणि जवळपास सगळ्या लिव्हरचा कडकपणा रंगीत नकाशावर दिसतो. हे तंत्र अमेरिकेतल्या मायो क्लिनिकच्या लोकांनी १९९५ मध्ये जगासमोर मांडलं. जाड माणसात आणि पोटात पाणी असतानाही ते चालतं. त्याचे आकडेही किलोपास्कलमध्ये असतात पण मोजपट्टी वेगळी: निरोगी लिव्हर २.५ च्या खाली. फायब्रोस्कॅनवर ४ म्हणजे छान आणि एमआर इलास्टोग्राफीवर ४ म्हणजे काळजीचं. दोन्ही कागद शेजारी ठेवून तुलना करायची नाही. या दोन्ही तपासण्यांना इंजेक्शन लागत नाही.

तिसरी गोष्ट इंजेक्शनची. गॅडोक्सेटिक आम्ल नावाचं औषध शिरेतून देतात. निरोगी माणसात त्यातलं जवळपास निम्मं लिव्हरच्या पेशी स्वतःत ओढून घेतात आणि पित्तात सोडतात, उरलेलं किडनीतून जातं. इंजेक्शननंतर सुमारे २० मिनिटांनी फोटो काढला तर काम करणारं लिव्हर उजळतं आणि पित्तनळ्या चमकतात. पेशी कमजोर असतील तर लिव्हर फिकटच राहतं आणि औषध नसांतच रेंगाळतं. लिव्हर किती उजळलं, पित्तात किती उतरलं आणि पोर्टल व्हेन लिव्हरच्या मानाने कशी दिसते, या तिन्हींना गुण देऊन शून्य ते सहा असा गुणांकही काढतात. म्हणजे इथे खरोखर काम दिसतं, आणि लिव्हरच्या कोणत्या भागात किती हेही दिसतं. तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचं उत्तर हेच.

तरी बाबांना हा एमआरआय आज नको असं मी का म्हणते? कारण रोजच्या व्यवहारात तो मुख्यतः लिव्हरमधली गाठ कसली आहे हे ओळखायला किंवा मोठ्या ऑपरेशनआधी वापरतात. बाबांना गाठ नाही, ऑपरेशन नाही, अल्ब्युमिन उत्तम आहे. लिव्हर छान उजळलं असा रिपोर्ट येईल, खर्च होईल आणि वण किती हा प्रश्न जागच्या जागी राहील. बिलिरुबिन बरंच चढलेलं असेल तर हा एमआरआय नीट होतही नाही, कारण बिलिरुबिन आणि हे औषध पेशीच्या एकाच दाराने आत शिरतात. किडनी कमजोर असेल तर गॅडोलिनियमचं (हा धातू या औषधातही असतो) कुठलंही इंजेक्शन घेण्याआधी क्रिएटिनिन पाहावंच लागतं. ज्यांनी एमआरआय सांगितला त्यांना नम्रपणे विचारा, "यात काय सापडलं तर आपला इलाज बदलेल?" उत्तर पटलं तर जरूर करा.

काम मोजणारी आणखी एक जुनी आणि भरवशाची पद्धत म्हणजे हायडा स्कॅन. न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्नेशियम-९९एम जोडलेलं मेब्रोफेनिन शिरेतून देतात. टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं, त्यामुळे ते लवकर विरतं. लिव्हरच्या पेशी हे औषध बिलिरुबिनसारखंच उचलतात आणि गॅमा कॅमेरा क्षणाक्षणाला मोजत राहतो. लिव्हरचा अर्धा भाग काढायचा असेल तर उरणाऱ्या भागाची उचलायची गती पुरेशी आहे का हे यावरून ठरवता येतं. नेदरलँड्समधल्या सर्जन मंडळींनी त्यासाठी मिनिटाला २.७ टक्के प्रतिचौरस मीटर ही मर्यादा सुचवली. नुसत्या सीटी स्कॅनवर उरणाऱ्या भागाचं आकारमान मोजतात तेव्हा निरोगी लिव्हरला २०-२५ टक्के पुरे, केमोथेरपी झालेल्याला ३०, सिरॉसिस असेल तर ४०, असे ठोकताळे आहेत. पण निबर लिव्हरचे ४० टक्के आणि मऊ लिव्हरचे ४० टक्के सारखे नसतात, आणि हायडा स्कॅन नेमका तोच फरक पकडतो. जपानमध्ये यासाठी जीएसए नावाचं वेगळं औषध वापरतात आणि हिरव्या आयसीजी रंगाची १५ मिनिटांची चाचणीही करतात. रक्तात १० टक्क्यांपेक्षा कमी रंग उरला तर लिव्हर दमदार.

हायडा स्कॅनचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या गावांत उशिरा लक्षात येते. जन्मानंतर दोन आठवडे उलटले तरी बाळाची कावीळ उतरत नसेल आणि शी पांढरट, चुन्यासारखी होत असेल, तर पित्तनळी तयारच झाली नसल्याची शंका घ्यायची असते. त्याची शहानिशा करताना हायडा स्कॅन उपयोगी पडतो. ऑपरेशन साधारण दोन महिन्यांच्या आत झालं तर बाळाचं लिव्हर वाचण्याची शक्यता जास्त. कोवळं ऊन दाखवत महिना घालवू नका, आशाताईंना बाळाची शी दाखवा आणि थेट मोठ्या दवाखान्यात जा.

आता तुमच्या भावाकडे वळते, कारण खरं सांगायचं तर या पत्रातला जास्त काळजीचा पेशंट तो आहे. सिकलसेलमध्ये लिव्हरला चारही बाजूंनी मार बसतो. विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या लाल रक्तपेशी बारीक नसांत अडकतात, सतत तुटणाऱ्या रक्तपेशींमुळे पित्ताशयात काळे खडे होतात, रक्त घेतल्याने हेपटायटिस बी-सीचा धोका राहतो, आणि चढवलेल्या प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं. ते बाहेर टाकायची शरीराकडे सोय नाही, त्यामुळे ते लिव्हरमध्ये साठतं.

बाबांसाठी जे सांगितलं ते त्याला जसंच्या तसं लावू नका. फिब-४ त्याच्यासाठी बादच, कारण वय १९, शिवाय रक्तपेशी तुटल्याने एसजीओटी चढतो आणि प्लेटलेटचा आकडा प्लीहेवर अवलंबून असतो. त्याचं बिलिरुबिन ३-४ असलं तरी ते बहुधा रक्त तुटल्याचं, लिव्हरच्या कामाचं नव्हे. म्हणून डायरेक्ट बिलिरुबिन वेगळं काढून बघायचं. ते वाढलेलं असेल तर मात्र लगेच डॉक्टर गाठा. फायब्रोस्कॅन करायचा तर अंगदुखीचा झटका नसताना, तब्येत शांत असताना. झटक्यात लिव्हर रक्ताने भरून फुगतं आणि आकडा खोटा चढतो. सोनोग्राफी वर्षातून एकदा, खड्यांसाठी आणि लिव्हर-प्लीहेच्या मापासाठी.

लोहासाठी मात्र एमआरआयच हवा, आणि इथे मी आग्रह धरते. साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी फेरिटिन ही रक्ताची तपासणी सोपी आहे, पण झटक्यात किंवा तापात फेरिटिन आपोआप वाढतं, त्यामुळे एकट्या फेरिटिनवर निर्णय होत नाही. एमआरआयवर टी-टू-स्टार किंवा आर-टू पद्धतीने लिव्हरमधलं लोह मोजतात. इंजेक्शन लागत नाही. वाळलेल्या लिव्हरच्या दर ग्रॅमला १.८ मिलिग्रॅमपर्यंत लोह हे निरोगी माणसाचं. ७ च्या वर काळजी, १५ च्या वर गंभीर. यावरून लोह बाहेर काढणारं औषध सुरू करायचं की नाही, डोस किती, हे ठरतं. म्हणजे या तपासणीने इलाज खरोखर बदलतो. जाण्याआधी केंद्रावर फोन करून "लिव्हरचं लोह मोजता का" एवढंच विचारा, कारण सगळ्याच एमआरआय सेंटरवर ही सोय नसते. आणखी एक: लोह खूप साठलं असेल तर नेहमीच्या पद्धतीची एमआर इलास्टोग्राफी फसते, सिग्नलच मिळत नाही. त्याच्यासाठी ती मागू नका.

भाऊ एसएस आहे, म्हणजे त्याला सिकलचा दोष आई-बाबा दोघांकडून आला, म्हणून बाबा निदान वाहक, एएस, असणारच. वाहकपणामुळे बाबांचं लिव्हर खराब होत नाही. पण त्यांची साखर तपासताना एक काळजी घ्या. तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी सिकलच्या रक्तात काही पद्धतींनी चुकते. म्हणून उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशी साखर करा. फॅटी लिव्हरमागे साखर दडलेली असते, आणि ती सडपातळ, राबणाऱ्या माणसातही असते.

दोघांचीही एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही, म्हणजे हेपटायटिस बी आणि सीची, तपासणी एकदा करा. राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात, जो २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, या तपासण्या आणि औषधं सरकारी दवाखान्यांत मोफत आहेत. कावीळ म्हणून कडू दोडक्याचा किंवा देवडांगरीचा रस नाकात सोडून पिवळं पाणी काढतात, ते करू नका. त्या पाण्याचा पित्ताशी काही संबंध नाही आणि नाकाचं आतलं अस्तर जळतं. लिव्हरसाठी म्हणून रोज गुळवेलाचा काढा चालू असेल तर थांबवा. करोनाच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी त्यामुळे लिव्हरला सूज आलेले पेशंट नोंदवले आहेत.

तर क्रम असा ठेवा. बाबांचं आयएनआर, साखर आणि दोन्ही हेपटायटिसच्या तपासण्या तालुक्यालाच. मग नागपूरला किंवा सेवाग्राम-सावंगीकडे जाणं होईल तेव्हा आधी चौकशी करून फायब्रोस्कॅन, सकाळी उपाशी. कपाशीच्या वेचणीनंतर गेलात तरी चालेल, दोन महिन्यांनी बिघडणारं काही या रिपोर्टात नाही. वजन जास्त असेल तर सात ते दहा टक्के कमी करण्याचा प्रयत्न आजपासून सुरू करा. त्याने चरबी आणि सूज तर उतरतेच, पण वणही काही प्रमाणात मागे हटतो. पोट फुगणं, काळी शी, रक्ताची उलटी, दिवसा झोप आणि रात्री जागरण, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही दिसलं तर मात्र स्कॅनची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना.

भावाचं काम त्याआधी. वेचणीसाठी ते थांबवू नका. आजवर किती पिशव्या रक्त चढलं याची वही नसेल तर डिस्चार्ज कार्डं जमवून ती आजच करा, तारीख आणि दवाखान्यासकट. दहा-वीस पिशव्यांच्या पुढे गेला असेल तर लोहाचा एमआरआय याच हंगामात करून घ्या, आणि वही सोबत न्या. रिपोर्टवरचा लोहाचा आकडा पिशव्यांच्या हिशोबाशी ताडून पाहिला की औषधाचा डोस ठरवायला डॉक्टरांना सोपं जातं.